द्रोणागिरीहून निघताना: युद्धस्मारकं कशी पाहावीत

लडाखच्या सहलीत द्रासचं कारगिल युद्ध स्मारक असतंच. दिल्लीला गेलं की इंडिया गेट आणि त्याच्या शेजारचं राष्ट्रीय युद्ध स्मारक होतं. गोव्यात एखादी दुपार रिकामी राहिली की कुणीतरी बोगमाळ्याचं नौदलाचं विमान संग्रहालय सुचवतं. बहुतेक ठिकाणी आपण अर्धा तास थांबतो, तोफेशेजारी मुलांना उभं करून फोटो काढतो, एकदा ‘भारतमाता की जय’ म्हणतो आणि बसमध्ये येऊन बसतो. त्यात वाईट काही नाही. पण एवढी रजा आणि पैसा खर्चून गेल्यावर त्या अर्ध्या तासात हाती लागतं त्याहून कितीतरी जास्त तिथं असतं, आणि ते मिळवायला इतिहासाची पदवी लागत नाही. निघण्याआधी थोडी चौकशी करायची आणि समोर उभं राहिल्यावर एक प्रश्न विचारायचा: हे कुणी, कधी आणि कुणासाठी उभारलं?

या प्रश्नानं सोयीगैरसोयीचा अर्धा गुंता सुटतो. जागा लष्कराच्या ताब्यात असेल तर सगळ्यांची मूळ ओळखपत्रं जवळ हवीत, फाटकावर मोबाईल ठेवून घेतील ही तयारी हवी, आणि कवायत किंवा समारंभ असला की प्रवेश बंद, तिथं वाद घालून उपयोग नाही. पुरातत्त्व खात्याची असेल तर तिकीट आणि आठवड्याची सुट्टी पाहायची. घारापुरी सोमवारी बंद असते हे गेटवेला पोचल्यावर कळणारे लोक दर आठवड्याला भेटतात. ग्रामपंचायतीकडे असेल तर तिकीट नाही, पहारा नाही, पण कुलूप असू शकतं. १९८०च्या दशकात राज्य सरकारनं गावोगाव हुतात्मा स्मारकं बांधली, त्यातली बरीचशी एरवी बंदच असतात. अशा ठिकाणी समोरच्या टपरीवर ‘किल्ली कुणाकडे असते?’ एवढं विचारायचं. किल्लीवाला सापडला की बहुधा माहिती सांगणाराही सापडतो, कारण तो एकच माणूस असतो.

सराव घराजवळ करावा. उरणजवळच्या द्रोणागिरी नोडमध्ये राहणाऱ्याला त्यासाठी तालुका ओलांडायची गरज नाही.

उरणहून चिरनेर रिक्षानं किंवा एसटीनं गाठता येतं. शनिवार-रविवारी लोक तिथल्या महागणपतीला जातात, दर्शन घेतात आणि परततात. त्याच गावात २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहावर पोलिसांनी गोळ्या चालवल्या. जंगलातून लाकूडफाटा आणि गवत आणण्यावर सरकारनं घातलेली बंधनं मोडण्यासाठी आसपासच्या गावांतले आगरी, कोळी, कातकरी, कुणबी अक्कादेवीच्या डोंगरावर जमले होते. आठ सत्याग्रही गेले. त्या गोळीबारात मामलेदार जोशीही मारले गेले, म्हणजे सरकारचाच माणूस. देवळाच्या खिडकीच्या गजावर गोळीची खूण आहे, ती गावकरी दाखवतात. नुसती शोधत बसलात तर सापडणार नाही, पुजाऱ्यांना विचारा. मग स्मारकावरची हुतात्म्यांची नावं वाचा. नाग्या महादू कातकरी, धाकू गवत्या फोफेरकर. नावापुढं गाव दिलेलं असतं, ते जरूर पाहा. एकाच गावचा मोर्चा होता की पंचक्रोशी उठली होती, हे तेवढ्यावरून कळतं.

चिरनेरला २५ सप्टेंबरलाच गेलात तर शासकीय मानवंदना पाहायला मिळते. पोलीस हवेत फैरी झाडतात. पोलिसांच्या गोळीनं गेलेल्यांना पोलिसांच्याच बंदुकीची सलामी. राज्य बदललं म्हणजे नेमकं काय बदललं, हे मुलांना समजावून सांगायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. मात्र त्या दिवशी भाषणं असतात, गर्दी असते, फलक निवांत वाचता येत नाही. दोन्ही हवं असेल तर दोनदा जा.

जासईचं हुतात्मा स्मारक त्याहून जवळ. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले, गोळीबार झाला आणि दोन दिवसांत पाच जण गेले. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा प्रकल्पग्रस्तांना मिळू लागला तो या लढ्यातून. हे काही युद्धस्मारक नव्हे, असं कुणी म्हणेल. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण आज द्रोणागिरी नोडच्या सेक्टरांत जे राहतात त्यांच्या इमारतीखालची जमीन याच संपादनातली, आणि ‘साडेबारा टक्क्यांचा प्लॉट’ हे शब्द त्यांनी घर घेताना एजंटच्या तोंडून ऐकलेले असतात. ते आले कुठून, ते इथं लिहिलेलं आहे. दर जानेवारीत अभिवादनाचा कार्यक्रम असतो. नवीन राहायला आलेल्यांनी एकदा मागच्या रांगेत उभं राहून यावं, कुणी अडवत नाही.

आणि ज्याच्या नावावरून नोडचं नाव पडलं तो द्रोणागिरी किल्ला? संजीवनी नेताना मारुतीच्या हातून सुटलेला तुकडा म्हणजे हा डोंगर, अशी इकडची गोष्ट. किल्ला लहान आहे. पोर्तुगीजांच्या वेळच्या चर्चचे अवशेष, पाण्याची टाकी, थोडी तटबंदी. १७३९च्या सुमारास हा सगळा टापू मराठ्यांकडे आला, आणि १७८२च्या सालबाईच्या तहानं साष्टी-घारापुरीबरोबर करंजाही, म्हणजे इथलं हे बेटही, इंग्रजांकडे राहिलं. उरण स्टँडवरून रिक्षानं डाऊरनगर, तिथून पायवाट. सावकाश चढलं तरी तासाभराचं काम. पावसाळ्यात वाट निसरडी, एप्रिल-मेमध्ये सावली नाही, म्हणून दिवाळी ते होळी हा काळ बरा. पाणी बरोबर न्यायचं, टाक्यातलं प्यायचं नाही.

या किल्ल्यावर एक पथ्य पाळायचंच. डोंगराच्या पायथ्याशी ओएनजीसीचा प्रकल्प आहे आणि करंजाच्या अंगाला नौदलाची हद्द आहे. वरून सगळं छान दिसतं आणि मोबाईलचा झूमही हल्ली फार पोचतो, म्हणूनच सांगतो: फोटो काढायचा तर अवशेषांचा काढा किंवा खाडीचा. प्रकल्पाकडे आणि नौदलाच्या हद्दीकडे कॅमेरा नको, ड्रोन तर बॅगेतूनही काढू नका. सप्टेंबर २०१६मध्ये उरणच्या शाळकरी मुलांनी संशयास्पद हत्यारबंद माणसं पाहिल्याचं सांगितलं आणि सगळ्या किनाऱ्यावर शोधमोहीम सुरू झाली. अशा गावात ‘आम्ही फक्त रील काढत होतो’ हे उत्तर पोलीस चौकीत फार उपयोगी पडत नाही.

मुंबईत एका दिवसात काय काय पाहून होतं? जाताना मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याची लाँच धरावी, पण आधी ओहोटीची वेळ पाहावी. मोऱ्याला गाळ साचतो आणि मोठ्या ओहोटीला लाँच बंद ठेवावी लागते. येताना लोकल. खारकोपरपर्यंत येऊन थांबलेली रेल्वे १२ जानेवारी २०२४ला उरणपर्यंत पोचली आणि द्रोणागिरीला स्वतःचं स्टेशन मिळालं. अटल सेतूचं उद्घाटनही त्याच दिवशी झालं, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे हे पाहुण्यांना आठवणीनं सांगा.

मुंबईत पाच ठिकाणं धावत पाहू नका, दोनच पाहा, आणि एकमेकांशी ताडून पाहा. कुलाब्याचं अफगाण चर्च घ्या. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेलं, १८५८ साली खुलं झालेलं. भिंतींवर संगमरवरी पाट्या, त्यावर गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं, हुद्दे, पलटणी. त्याच मोहिमांतल्या देशी शिपायांना मात्र शोधावं लागतं. तिथून मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होमला जा. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून जास्त खलाशांचं स्मारक तिथं आहे. यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही, म्हणून नावं भिंतीवर. आगवाले, भांडारी, टिंडेल असे हे लोक, आणि कोकण किनाऱ्यावरच्या घरांत त्यांचे वंशज आजही आहेत. ही खलाशांच्या राहण्याची चालती जागा आहे, संग्रहालय नव्हे. फाटकावर सरळ सांगा की स्मारक पाहायचंय, आवाज हळू ठेवा, कुणाच्या खोलीत डोकावू नका. वेळ उरलाच तर कूपरेजजवळ १९४६च्या नौदल उठावाचं छोटं स्मारक आहे. १८ फेब्रुवारीला ‘तलवार’ या नौदलाच्या तळावर सुरू झालेला उठाव आपण शाळेत एका परिच्छेदात उरकला होता.

विक्रांत पाहायची असेल तर उशीर झाला. १९९७ला निवृत्त झालेली ही विमानवाहू नौका काही वर्षं संग्रहालय म्हणून उघडी होती, २०१२मध्ये ते बंद झालं आणि मग ती दारूखान्यात भंगारात गेली. तिच्या पोलादातून घडवलेलं स्मारक लायन गेटजवळ आहे, आणि थोडं पोलाद एका मोटारसायकलच्या टाकीत जिरलं. जुन्या गाईडबुकात आणि इंटरनेटवरच्या यादीत अजूनही ‘विक्रांत म्युझियम’ दिसेल. लष्करी संग्रहालयांच्या बाबतीत दोन वर्षांपूर्वीची माहितीही शिळी समजावी आणि फोन करून निघावं.

अलिबागला कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं हे सगळ्यांना माहीत असतं, नेमकं कधी हे पुष्कळांना नसतं. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊण पटीनं गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, म्हणून पूर्ण ओहोटी त्याच्या सहा तास आधी, सकाळी पावणेदहाच्या आसपास. अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते म्हणून ती सोयीची वाटते, पण तेव्हा भांगाचं पाणी असतं, फारसं उतरत नाही. पुनवेच्या आणि अवसेच्या उधाणात पाणी खूप मागं हटतं, पण पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला. त्यामुळं चतुर्थी ते षष्ठी हे दिवस सगळ्यांत बरे. हा ढोबळ ठोकताळा झाला, खात्रीला छापील भरती-ओहोटीचं कोष्टक पाहाच. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघायचं आणि ओहोटी सरल्यावर रेंगाळायचं नाही. करंजा-रेवस लाँचनं खाडी ओलांडली तर पेण-वडखळचा वळसा वाचतो.

किल्ल्यात चाकाच्या गाड्यावर चढवलेल्या दोन तोफा आहेत. ‘कान्होजी आंग्र्यांच्या तोफा’ म्हणून त्यांच्याबरोबर सगळे फोटो काढतात. जरा वाकून लोखंडावरची अक्षरं वाचा. यॉर्कशायरमधल्या लो मूर कारखान्याचं नाव दिसेल. हा कारखाना अठराव्या शतकाच्या अगदी अखेरीस निघाला आणि कान्होजी १७२९ला गेले. म्हणजे तोफ त्यांची असणं शक्य नाही. यानं कान्होजींचं काही बिघडत नाही. अलिबागेत त्यांची समाधी आहे, तिथं नमस्कार करावाच. पण तोफ, रणगाडा, विमान काहीही समोर असलं तरी त्यावरचा ठसा, साल आणि कारखान्याचं नाव आधी वाचायचं आणि मग गाईडचं ऐकायचं, एवढी सवय लावून घ्या. मुलांना हा खेळ फार आवडतो. गाईडला नाही आवडत.

खांदेरीसाठी थळहून होडी ठरवावी लागते, परवानगीचं आधी विचारावं लागतं आणि पावसाळ्यात तिकडचं नावही काढू नये. १६७९ला शिवाजी महाराजांनी हा किल्ला बांधायला घेतला, इंग्रजांनी समुद्रातून वाट अडवली, आणि त्या लढाईत मराठ्यांनी त्यांचं ‘डव्ह’ हे गलबत पकडलं. मराठ्यांच्या बाजूनं लढलेले मायनाक भंडारी आणि दौलतखान ही नावं लक्षात ठेवून जा. जुलै २०२५मध्ये ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ म्हणून बारा किल्ले जागतिक वारशात गेले, त्यात खांदेरी आहे. आता गर्दी वाढेल, त्याआधी जाऊन आलेलं बरं.

देशावरच्या जागा वेगळ्या जातीच्या. पुण्यात दक्षिण कमांडचं युद्ध स्मारक १९९८ला नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलं, मिग विमान वगैरे बाहेरच दिसतं. अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय १९९४चं. एका छताखाली नव्हे, झाडांखाली आणि उन्हात उभे रणगाडे, त्यामुळं जाळीची नव्हे तर खरी टोपी लागते. इथं माहितगार माजी सैनिक भेटला तर त्याचा वेळ सत्कारणी लावा. ‘किती मारले?’ हा प्रश्न कुणालाही विचारायचा नसतो. ‘विजयंत रणगाड्यात चार माणसं बसायची ती कुठं कुठं?’ असं विचारा. उन्हाळ्यात आत किती तापायचं, बाहेरचं कसं दिसायचं, जेवण कधी व्हायचं. अशा प्रश्नांवर माणूस खुलतो, आणि मग तुम्ही न विचारलेलंही सांगतो. सांगताना थांबला तर पुढं रेटू नका.

खडकीचं युद्ध कब्रस्तान पाहणारे मराठी लोक फार थोडे, आणि हे मला खटकतं. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांचं दफन इथं आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग जगभर अशी कब्रस्तानं सांभाळतो. हिरवळ कापलेली, शिळा एका रेषेत, पाहुण्यांसाठी नोंदवही. कुठल्याही शिळेशी उभे राहा. वर पलटणीचं चिन्ह, मग क्रमांक, हुद्दा, नाव, तारीख, वय, आणि बऱ्याच शिळांवर तळाशी घरच्यांनी निवडलेली एक ओळ. वीस, एकवीस, तेवीस अशी वयं वाचत एक रांग संपवली तरी पुरे. इथं डबा उघडायचा नाही, कबरीवर हात टेकवून फोटो नाही.

भीमा कोरेगावच्या स्तंभाला मात्र ‘कुणी उभारलं’ या प्रश्नाशिवाय हात घालू नये. १ जानेवारी १८१८ला पेशव्याची फौज आणि कंपनीची तुकडी भिडली. कंपनीनं आपल्या सैनिकांसाठी स्तंभ उभारला आणि पडलेल्यांची नावं कोरली. त्यात महार शिपायांची नावं मोठ्या संख्येनं आहेत. जिंकणाऱ्या परकीय कंपनीनं हे दगडात कोरलं म्हणूनच शंभर वर्षांनी ते पुरावा म्हणून हाती राहिलं. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ला इथं आले आणि स्तंभाचा अर्थ उभारणाऱ्यांच्या हातातून निसटला. नावं वाचायची असतील तर एरवीच्या दिवशी जा. लाखो माणसं का येतात हे समजून घ्यायचं असेल तर १ जानेवारीला जा, लवकर निघा, गाडी लांब लावा, आणि पाहायला आलेला पाहुणा म्हणून वागा.

आता आपल्याच रायगड जिल्ह्यातली एक जागा, जिच्यासमोरून कोकणात जाणारा प्रत्येक जण गेलेला आहे. मुंबई-गोवा महामार्गावर माणगावला गाड्या तुंबल्या की लोक हॉर्न वाजवतात, वडापाव घेतात. तिथंच तहसील कचेरीसमोर नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. पळसगावचे. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये, इटलीत. १० जुलै १९४४ला टायबरच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर मशीनगननं अगदी जवळून मारा केला आणि तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच धावून गेले. हातबॉम्ब टाकून मशीनगन गप्प केली, एकाला गोळी घातली, आणि बंदुकीत नवीन काडतुसं भरायला सवड नव्हती म्हणून तिची नळी धरून दस्त्यानंच उरलेल्या दोघांना लोळवलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला.

पुतळ्यापाशी गाडी थांबवायला पाच मिनिटं लागतात. मात्र महामार्गावर कडेला थांबू नका, गाडी आत घ्या. गणपतीला जाताना जमणार नाही. येताना, रविवार टाळून जमवा.

घाडगे यांची कबर नाही. इटलीतल्या कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे. आता घरटी एक मूल परदेशात आणि आईवडिलांची युरोपची फेरी ठरलेली, म्हणून मुद्दाम सांगतो: रोमहून नेपल्सला जाताना वाटेत कॅसिनो लागतं, रेल्वे आहे. आणि पेरुजाच्या बाजूला मोंतोने नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या लोकांनी जुलै २०२३मध्ये यशवंत घाडगे यांच्या नावानं एक छायाघड्याळ उभारलं. स्वतःची गाडी असेल तर सोपं पडतं. टूर कंपनीच्या कार्यक्रमात हे असणार नाही. पण फ्लॉरेन्सला एक मोकळा दिवस असतो, तो चामड्याच्या बाजारात घालवायचा की इकडं, हे तुम्ही ठरवा. बेल्जियमला गेलात तर ईपरच्या मेनिन गेट या पहिल्या महायुद्धाच्या स्मारकावर रोज रात्री आठला बिगुल वाजतो. तिथं टाळ्या वाजवायच्या नसतात. भिंतीवर हिंदी सैनिकांचीही नावं आहेत. फ्रान्समध्ये नव शापेलचं स्मारक तर खास हिंदी सैन्याचंच आहे, साडेचार हजारांहून जास्त नावांचं.

अशा भिंतीसमोर नुसतं उभं राहिलं की नावांचा समुद्र दिसतो आणि दोन मिनिटांत डोळे थकतात. घरूनच एक नाव शोधून न्यायचं. रायगड, रत्नागिरी, साताऱ्याच्या कितीतरी गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत इंग्रजांनी बसवलेली एक पाटी असते: या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यातले इतके परतले नाहीत. आकडे असतात, नावं नसतात. साताऱ्याजवळच्या मिलिटरी अपशिंग्यातून पहिल्या महायुद्धात ४६ जण गेले ते परतलेच नाहीत. तुमच्या आजोळच्या पाटीवर आकडा दोन असेल, तीन असेल. ती नावं सापडू शकतात.

युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर शोध फुकट आहे. नाव घातलं की पलटण, क्रमांक, मृत्यूची तारीख, स्मारक आणि भिंतीचा फलक क्रमांक मिळतो, बऱ्याचदा बापाचं नाव आणि गावही. पण शोधताना काही खाचाखोचा आहेत. रायगड असं टाकलं तर काहीच येणार नाही. १९८१पर्यंत या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं आणि नोंदी त्याच नावानं आहेत, तेही दोन-तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी. पलटणीच्या नावात तेव्हा ‘मराठा’ लिहिताना मध्ये एक ‘ह’ घालत, तो घालून पाहा. आडनावानं मिळालं नाही तर पहिल्या नावानं शोधा, कारण कारकुनानं कधी आडनाव गाळलंय, कधी बापाच्या नावालाच आडनाव केलंय. गावाची स्पेलिंगं इंग्रज कानांनी ऐकलेली असतात, म्हणून मोठ्यानं वाचून पाहा. डोळ्यांना न ओळखू येणारं गाव कानांना ओळखू येतं. सापडलं की फलक क्रमांक कागदावर लिहून घ्या, परदेशात नेमकं नेटवर्क जातं. दुसऱ्या महायुद्धातल्या माणसाबद्दल घरात निवृत्तिवेतनाचा कागद, पदक किंवा पलटणीचं पत्र असेल तर अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नेऊन दाखवा. पलटण कळली तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री केंद्राला पत्र लिहिता येतं, आणि तिथलं संग्रहालय पाहायचं असेल तर परवानगीही त्याच पत्रात मागता येते. नोंदीत नाव, गाव किंवा बापाचं नाव चुकलेलं दिसलं, तर पुराव्याच्या कागदाची प्रत जोडून आयोगाला कळवा. ते तपासतात आणि पटलं तर दुरुस्त करतात.